रेघ, सूत आणि पाथ

भोपाळच्या चार इमलीत राहणारा मराठी माणूस पत्ता लिहिताना गावाला ळ लावून 'भोपाळ' असे मराठी करून घेतो, वसाहतीच्या नावाला मात्र हात लावत नाही. 'चार चिंचा, भोपाळ' असा पत्ता घालण्याची हिंमत अजून कुणी केलेली दिसत नाही. खरे तर दोन्ही शब्द संस्कृतातलेच. इमली ही अम्लिकेची लेक, चिंच ही चिञ्चेची. इंग्रजांचा टॅमरिंड तेवढा अरबांच्या 'तमर हिंदी'मधून, म्हणजे 'हिंदुस्थानी खजुरा'मधून आलेला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, नागपूरचे राजधानीपण गेले, आणि सचिवालयाच्या कपाटांबरोबर तिकडची कितीतरी मराठी कुटुंबे इकडे आली. त्यांच्या मराठीत हिंदीचे पाणी मुरले. इथे फोटो 'खेचतात', रेघही 'खेचतात'. पुण्याचा पाहुणा हसतो. पण आपण जी रेघ 'ओढतो' तिच्यात खेचण्याखेरीज दुसरे काय आहे? इंग्रजीतले 'ड्रॉ' हेही मुळात ओढणेच. या साध्या क्रियापदात एक कोडे दडलेले आहे. रेघ ओढायची म्हणजे नक्की काय ओढायचे?

कोडे सुचले ते चार इमलीतल्याच एका घरात. नात्यातली एक मुलगी तिथे बसून मसाल्याच्या पुड्यांची वेष्टने आणि दुकानांची बोधचिन्हे करते. नागपूरच्या छापखान्याशी तिचे फोनवर चालले होते : "दादा, पाथ उघडा राहिलाय, म्हणून फिल बसत नाहीये. मधले नोड उडवा, हँडल थोडं ओढा, आणि अक्षरं कर्व्ह करून पाठवा." व्याकरण पक्के मराठी, नामे सगळी परकी. मराठी शुद्धतेचे सैनिक इथे तलवार उपसतील. मला त्या परक्या नामांची कुळे पाहावीशी वाटली.

हे काम ज्यांनी केले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फोटोचे चित्र लाखो बारीक चौकोनांचे असते, मोठे केले की ते चौकोन दिसू लागतात. कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर, इंकस्केप यांच्यातले चित्र तसे नसते. तिथे फक्त काही बिंदू ठेवलेले असतात, आणि एका बिंदूतून निघून दुसऱ्यापर्यंत कसे जायचे याची आज्ञा. त्या जाण्याला म्हणतात पाथ. पाथला स्वतःची जाडी नसते, रंगही नसतो. त्याच्यावरून शाई फिरवली तर तो स्ट्रोक, त्याच्या पोटात रंग भरला तर तो फिल. चित्र नखाएवढे करा नाहीतर इमारतीएवढे, कडा तितकीच स्वच्छ राहते. 'अक्षरं कर्व्ह करणे' म्हणजे अक्षरांचेही असेच पाथ करून टाकणे. मराठी छापखान्यांत हे रोजचे आहे, कारण एकाच्या यंत्रातला श्रीलिपीचा फॉन्ट दुसऱ्याच्या यंत्रात असेलच असे नाही, आणि नसला की मजकुराची अनोळखी चिन्हे होतात.

या सगळ्याचे नाव वेक्टर ग्राफिक्स. त्यातले ग्राफिक्स आधी घेऊ. ग्रीक 'ग्राफेइन' म्हणजे आधी ओरखडणे आणि मग लिहिणे. आपले लिहिणे काही वेगळे नाही. संस्कृत लिख्, त्याचाच जुना भाऊ रिख्, दोघांचाही मूळ अर्थ ओरखडा काढणे. लेख, लेखणी, रेखा, रेघ, रेघोटी, रेखाटणे ही सगळी या एका नखाची संतती. इंग्रजी 'राइट'ही पूर्वी कोरण्या-खरडण्याचाच शब्द होता. इतकेच काय, फोटोच्या चौकोनी चित्राला ज्या 'रास्टर' नावाने ओळखतात तेही लॅटिन 'रास्ट्रुम'मधून आले, म्हणजे बागेतले दाताळे. वाफ्यात दाताळे ओढले की समांतर रेघा उठतात. जुन्या टीव्हीच्या काचेवर चित्र उमटे ते अशाच एकाखाली एक रेघांनी. थोडक्यात, ओरखड्याचे घराणे मोठे आहे.

वेक्टर या घराण्यातला नाही. वेक्टर म्हणजे वाहणारा, नेणारा. लॅटिन 'वेहेरे' आणि संस्कृत वह् एकाच आईची लेकरे, म्हणून वेक्टरचे चुलतभाऊ आपल्या घरात भरपूर : वाहन, वाहतूक, वाहक, विवाहसुद्धा. डासाला आपण रोगाचा वाहक म्हणतो ते याच शब्दाचे चोख मराठी. आयरिश गणिती हॅमिल्टन याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा शब्द गणितात आजच्या अर्थाने रुळवला. एका बिंदूला उचलून दुसऱ्या बिंदूपाशी वाहून नेणारा तो वेक्टर. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याचा 'सदिश' केला. दिशा आली, वाहणे गेले. चुकीचा म्हणता येणार नाही असा, पण जीव नसलेला शब्द.

म्हणजे 'वेक्टर ग्राफिक्स' या जोडनावात एक वाहणारा आहे आणि एक ओरखडणारा. त्यांचे जमावे कसे? पाथ तर ओरखडा नव्हेच, कारण ओरखड्याला जाडी असते आणि पाथला नसते. मग कोणती रेघ अशी, की जी आहे आणि तरी दिसत नाही?

उत्तर सुताराकडे आहे. फळीवर सरळ रेघ हवी असली की तो दोऱ्याला काव लावतो, दोन टोकांना ताणून धरतो, मध्ये चिमटीत उचलतो आणि सोडतो. फळीवर तांबडी रेघ उमटते. दोरा ताणलेला असतो तेव्हाच रेघ ठरून गेलेली असते, काव तिला फक्त उघड करते. ताणलेला दोरा हा पाथ, काव हा स्ट्रोक. इंग्रजीतला 'लाइन' हा शब्दही मुळात दोराच. लॅटिन 'लिनेआ' म्हणजे 'लिनुम'चा, जवसाच्या तागाचा धागा. लिनन कापड, लिनसीड तेल आणि लाइन ही एकाच जवसाची पैदास. आपली जवसाची चटणी त्याच गोतावळ्यातली आहे, हे खाताना लक्षात येत नाही इतकेच.

मराठीत हे दुसरे घराणे पहिल्याहून कमी श्रीमंत नाही. सुतार हा शब्दच 'सूत्रधार'मधून झिजत आला आहे, म्हणजे दोरा धरणारा. नाटकातला सूत्रधार तोच, फक्त त्याने रंधा खाली ठेवला. वाह्यात पोराला आपण 'सुतासारखा सरळ' करतो. गवंड्याचा ओळंबा म्हणजे अवलंब, लोंबता दोरा. (सूतोवाचातला सूत मात्र दोरा नव्हे. तो पुराणे सांगणारा सूत, 'सूत उवाच' मधला. या दोघांची गल्लत चांगल्या लेखकांकडूनही होते.) पंधराव्या शतकातला मेवाडचा मंडन हा स्वतः सूत्रधार होता. त्याने 'राजवल्लभ' या ग्रंथात आठ सूत्रे सांगितली आहेत, आणि त्या यादीत पहिले सूत्र आहे डोळा. मग हाताचे माप, मुंजाची दोरी, कापसाचा दोरा, ओळंबा, गुण्या, पाणसळ आणि कंपास. या आठांत खरे दोरे तीनच, पण नाव सगळ्यांना सूत्रच. ज्याने रेघ ठरते ते सूत्र, एवढा साधा हिशेब. त्यातला आपल्या गवंड्यांचा गुण्या हा शब्द फारसीतून आलेला ग्रीक 'गोनिया' आहे, म्हणजे कोन.

आता भोपाळबाहेर जाऊ. शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवर, बेतवेच्या काठी, भोजपूरचे शिवमंदिर आहे. ते अकराव्या शतकातल्या परमार राजा भोजाचे मानले जाते. मंदिर अर्धवट राहिले. मागच्या बाजूला अवजड दगड वर चढवण्यासाठी घातलेला मातीचा उतार अजून तसाच आहे. पण मला मंदिराहून त्याच्या भोवतालचा खडक मोलाचा वाटतो. त्या उघड्या कातळावर कारागिरांनी बांधायच्या वास्तूचे आराखडे कोरून ठेवले आहेत : खांब, शिखर, थरांच्या कडा, मंडपाची मांडणी. नुसत्या रेघा, आत रंग नाही, छाया नाही. मंदिर पुरे झाले असते तर कदाचित या रेघा पुसल्या गेल्या असत्या. काम थांबले म्हणून नकाशे राहिले. पर्यटक लिंगाची उंची पाहून परततात, कातळाकडे फारसे कुणी बघत नाही. पुरातत्त्व खात्याने त्या भागाला कुंपण घातले आहे हे बरे झाले.

याच भोजाच्या नावावर वास्तुविद्येचा एक मोठा ग्रंथ आहे, त्याचे नाव 'समराङ्गणसूत्रधार'. तो छापून जगापुढे आला १९२४-२५ साली, बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये. ग्रंथाच्या नावात सूत्र, कातळावर रेखा. दोन्ही घराणी भोजपुरात एकत्र नांदताना दिसतात. आधी दोरा ताणून जागा ठरवायची, मग छिन्नीने ओरखडायचे. वेक्टर आणि ग्राफिक्स यांचे जमते ते असे.

आता दोरा ताणायचा तर टोकांना काहीतरी हवे. छापखान्यातले दादा जिला नोड म्हणतात ती लॅटिन 'नोडुस', सरळ गाठ. इलस्ट्रेटरवाले तिला अँकर पॉइंट म्हणतात, आणि इथे शब्दाने मला खूश केले. अँकर म्हणजे ग्रीक 'आंकुरा', वाकडा. त्याचा धातू वाकण्याचा, आणि संस्कृतात त्याच धातूची मुले अंक आणि अंकुश. अंक म्हणजे आधी वाकडा आकडा, मग खूण, मग संख्या. मराठीत आकडा या एकाच शब्दात हे दोन्ही अर्थ अजून शेजारी राहतात. विजेच्या तारेवर टाकतात तोही आकडा आणि बिलावर येतो तोही आकडाच, एकाने दुसरा चुकवता येतो ही गोष्ट वेगळी. पाथचा प्रत्येक अँकर फाइलमध्ये साठवला जातो तो दोन संख्यांनी, आडवे किती आणि उभे किती. म्हणजे तो दोन्ही अर्थांनी आकडा आहे. टीव्हीवरच्या अँकरला आपण सूत्रसंचालक करून सूत त्याच्याही हाती दिले, पण तो निव्वळ योगायोग.

२००१ साली जागतिक मानक ठरलेल्या एसव्हीजी नावाच्या साध्या मजकुरी फाइलीत डोकावले तर पाथ चक्क वाचता येतो. एम अक्षर म्हणजे पेन उचलून इथे ठेव, एल म्हणजे सरळ ओढत ने, सी म्हणजे वळवत ने, झेड म्हणजे निघालास तिथे येऊन मिट. अक्षरांमध्ये फक्त आकडे. 'पाथ उघडा राहिलाय' ही तक्रार बहुधा त्या शेवटच्या झेडची असते. आणि ज्याने हे ओढायचे ते पेनसुद्धा परके नाही. लॅटिन 'पेन्ना' म्हणजे पीस, उडण्याच्या धातूवरून. त्याच धातूचे संस्कृत पत्र म्हणजे आधी पंख, मग पान, मग टपालातले पत्र. पेन आणि पत्र नात्यातले आहेत.

सरळ रेघेचे भागले, वळणाचे काय? वळणाला दोरा ताणून चालत नाही, धनुष्य लागते. आपल्या ज्योतिष्यांनी वर्तुळाच्या तुकड्याला चाप म्हणजे धनुष्य म्हटले, आणि त्याच्या दोरीला ज्या किंवा जीवा. ही जीवा अरबीत 'जिबा' झाली, स्वर न लिहिण्याच्या रिवाजामुळे तिचे 'जैब' असे वाचन झाले, जैब म्हणजे वस्त्राची चूण, पोकळी. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी तिचा 'सिनुस' केला, तोच आजचा साइन. भोपाळात खिशाला जेब म्हणतात तो हाच अरबी शब्द. आपली त्रिज्याही मुळात तीन राशींची, म्हणजे नव्वद अंशांची ज्या. शाळेत हे कुणी सांगत नाही, पोरे बिचारी नुसतीच पाठ करतात.

जहाजे बांधणाऱ्यांनी दुसरी युक्ती काढली. लाकडाची लवचीक पट्टी घ्यायची, हव्या त्या जागी शिशाची वजने ठेवून तिला अडवायची, आणि ती जशी वाकेल तशी रेघ मारायची. त्या पट्टीचे नाव स्प्लाइन. मोटारींचे पत्रे आखताना हे पुरेना, कारण यंत्राला पट्टी समजत नाही, आकडे समजतात. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो याने १९५९ साली वक्र आकड्यांत बांधण्याची रीत काढली. कंपनीने ती कुलपात ठेवली. रेनो कंपनीतल्या पिएर बेझियर याने तशाच वक्रांवर काम करून ते प्रसिद्ध केले, आणि नाव त्याचे झाले. बेझियरचा वक्र चार बिंदूंचा. चार चिंचा समजा. वक्र निघतो पहिल्या चिंचेपासून आणि पोचतो चौथीपाशी. मधल्या दोघींना तो सहसा शिवतही नाही, पण पहिलीपासून निघताना दुसरीकडे तोंड करून निघतो आणि चौथीला येताना तिसरीच्या बाजूने येतो. या मधल्या दोघी म्हणजे हँडल. त्या जितक्या लांब, तितकी त्यांची ओढ जास्त. गंमत म्हणजे या वक्राला पुरे वर्तुळ कधीच साधत नाही. चार तुकडे जोडून, हँडल त्रिज्येच्या ०.५५२३ पट ठेवून, जे वर्तुळासारखे दिसते त्यात दहा हजारांत तीन भागांहून कमी चूक उरते. डोळ्याला ती दिसत नाही.

या वक्राला मराठी शब्द शोधायला जावे लागत नाही. वळण हा शब्द तयारच आहे, आणि त्याचा पसारा इंग्रजी 'कर्व्ह'हून मोठा. रस्त्याचे वळण, पोराला लावलेले वळण, आणि अक्षराचे वळण. मोत्यासारख्या अक्षराला आपण वळणदार म्हणतो, सुंदर म्हणणे त्यानंतर येते. रामदासांनी 'दासबोधा'तला एक अख्खा समास लेखनक्रियेला दिला, आणि त्यात भर आहे तो गोल, मोकळ्या, एकसारख्या अक्षरावर. असे वळण यायचे ते कित्ता गिरवून. कित्ता हा अरबी 'कित्आ', म्हणजे तुकडा, सुलेखनाचा नमुना लिहिलेला कागदाचा तुकडा. गिरवणे मात्र खास आपले. इंग्रजी 'ट्रेस'मध्ये पुन्हा ओढणेच आहे, गिरवण्यात त्याच वाटेने पुन्हा पुन्हा जाणे आहे.

सॉफ्टवेअरमध्ये आता आपोआप गिरवणारी आज्ञा असते. फोटो द्या, पाथ घ्या. ती वापरून ळ अक्षर करून पाहावे. त्या दोन कुशींच्या अक्षराला जिथे डझनभर गाठी पुरतात, तिथे यंत्र शंभर टाकते, आणि कडेला कंप सुटल्यासारखी दिसते. फॉन्ट करणारे जाणकार गाठ ठेवतात ती वळणाच्या अगदी वरच्या, खालच्या, डाव्या, उजव्या टोकाला, आणि मधले सगळे हँडलवर सोपवतात. हाताच्या गिरवण्याचे तसे नाही. भीमबेटकाची शैलचित्रे १९५७ साली उजेडात आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर हे मूळचे चित्रकार. देशभरातल्या शैलचित्रांच्या नकला त्यांनी आपल्या हाताने काढून ठेवल्या. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने हरणाची पाठ कुठे वळवली हे नक्कल करणाऱ्या हाताला कळते. यंत्राला प्रत्येक गाठ सारखीच.

एक गमतीचा नाम-योग सांगायचा राहिला. मराठी मुलखात छपाईच्या दुकानांवर ज्याचे राज्य आहे ते कोरलड्रॉ. १९८९ सालचे. कोरल हे नाव कॅनडातल्या मायकेल काउपलंड यांच्या संशोधनशाळेच्या इंग्रजी नावातली अक्षरे जोडून झाले. आपल्याकडे मात्र ते ऐकताच कोरणे आठवते, आणि तसे ते कोरतेही. कोरलमधला पाथ रेडियमच्या दुकानात प्लॉटरकडे जातो आणि तिथले पाते त्याच वाटेने चिकटपट्टी कापत नंबरप्लेटचे आकडे काढते. त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो. पूर्वी घड्याळाचे काटे अंधारात चमकावेत म्हणून रेडियमचा रंग लावत, त्या चमकेवरून हे नाव रस्त्यावर राहिले.

उरला पाथ. सरकारी भाषांतरकाराच्या हाती तो पडला तर 'पथ' होणार हे ठरलेले. नाते जवळचे दिसते, पण आहे लांबून. संस्कृत प इंग्रजीत फ होऊन बसतो : पितृ आणि फादर, पाद आणि फूट. त्या नियमाने पथाची इंग्रजी बहीण 'फाइंड' ठरते, शोधून काढणे. मग 'पाथ'मध्ये प कसा टिकला? अभ्यासकांचा तर्क असा की हा शब्द जर्मानिक लोकांनी इराणी भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून उसना घेतला. म्हणजे पाथ आपल्याकडे आला तो लांबचा फेरा मारून. आपले वाट हे वर्त्मन्, वृत् या फिरण्याच्या धातूवरून आलेले, वर्तुळाचे नातलग. वळणाऱ्या पाथला तेच जास्त शोभले असते. पण 'वाट लागली' या प्रयोगाने त्याची छपाईच्या दुकानात वाट लावली आहे. आणि पाथ ऐकायला तितका परका नाही. शेतात खुरपणाऱ्या बायका एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत जी पात धरतात, तिला काही भागांत पाथच म्हणतात.

तेव्हा माझे मत असे. पाथ आहे तसा राहू द्यावा. नोडला गाठ, अँकरला आकडा आणि कर्व्हला वळण म्हणून आपल्या दुकानात काही दिवस वापरून पाहावे, जिभेला रुचले तर टिकतील. बेझियरला बेझियरच म्हणावे, त्याचे मराठी करू नये. आणि कुठल्या सूचीत 'सदिश आलेखी पथ-संपादन' असे काही छापलेले आढळले, तर त्यावर खुशाल एक ठळक रेघ ओढावी.